बाराचे बारा, दहाच्या दहा

आठवीच्या वर्गाने काचेच्या पेटीत तळं बांधलं, त्यात बारा मासे सोडले, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. त्यांच्या जीवशास्त्राच्या बाईंच्या अंदाजाने चार मासे पुरे होते. पेटी तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद. अर्ध्या भागात जमीन, अर्ध्या भागात पाणी. तळाशी खडे, त्यावर कोळशाचा चुरा, मग वाळू, मग खऱ्या तळ्यावरून बादलीतून आणलेला चिखल. उतारावर शेवाळाचे तुकडे आणि दोन नेचे, पाण्यात हिरव्या वेली, वर काचेचं झाकण आणि झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. चाळीस दिवस आत काही घालायचं नाही, बाहेर काही काढायचं नाही. वेली माशांना हवा देतील, मासे वेलींना खत देतील, गोगलगायी काचा साफ करतील, आणि मुलं रोज बघून वहीत लिहितील. पुस्तकात तरी हे असंच होतं.

पण मुख्याध्यापिकांनी, म्हणजे सगळ्या शाळेच्या मोठ्या बाईंनी, पेटीत डोकावून नाक मुरडलं.

"एवढंसंच? चाळिसाव्या दिवशी तपासणीचे साहेब येणार आहेत. त्यांना काय नुसतं पाणी दाखवायचं? जरा भरगच्च दिसू दे की."

एवढ्या पाण्याला इतका भार झेपणार नाही, हे बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते तिथेच राहिलं. बाई हंगामी होत्या. चार वर्षांत ही चौथी शाळा, आणि आधीच्या प्रत्येक शाळेने वर्ष संपता संपता "पुढच्या वर्षी बघू" म्हणून त्यांना दाराबाहेर नेऊन सोडलं होतं. हंगामी माणसाला मत असतं, पण ते घरी ठेवून यायचं असतं. इथे मात्र जीवशास्त्राची जागा खरोखर रिकामी होती, आणि मोठ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "साहेबांचा शेरा चांगला पडू दे, तुमची कायमची ऑर्डर मी स्वतः टाइप करायला बसते." तेव्हा चाराचे बारा मासे झाले, चार गोगलगायींच्या दहा झाल्या, आणि पेटी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून प्रयोगशाळेच्या उन्हाच्या खिडकीत गेली.

फळ्याच्या कोपऱ्यात मुलांनी चौकोन आखला. दिवस पहिला: मासे १२, गोगलगायी १०.

आठ दिवस आकडे हलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी पावणेसातला बाई आल्या. प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना पोरांपासून सगळे मामा म्हणत, त्यांनी कुलूप काढलं, आणि बाई पेटीपाशी गेल्या. पाणी गढूळ हिरवं झालं होतं. दोन मासे पोट वर करून तरंगत होते आणि एक गोगलगाय तळाशी पडली होती, कवचातून अर्धी बाहेर लोंबत.

आता खरं पाहिलं तर जीवशास्त्राच्या तासाला याहून चांगला धडा मिळायचा नाही. वर्गाला बोलवायचं, म्हणायचं, बघा, आपलं काहीतरी चुकलं, काय चुकलं ते शोधू या. बाईंना हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. रात्रंदिवस विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे नाही कळणार तर कुणाला? पण मोठ्या बाईंनी तोवर साहेबांना पत्र धाडून दिलं होतं, 'शाळेतील बंद तळे, एकही मृत्यू नाही.' बाईंनी घड्याळ पाहिलं. शाळा भरायला पावणेदोन तास होते. वीटभट्टीमागचं तळं वीस मिनिटांवर होतं.

"मामा, बादली द्या," त्या म्हणाल्या.

मामांनी बादली दिली, वर चाळणीही दिली. बाई साडीचा पदर खोचून चिखलात उतरल्या, दोन मासे आणि एक गोगलगाय घेऊन धापा टाकत परत आल्या, चिकटपट्टी सोलली, मेलेले काढले, जिवंत सोडले, नवी पट्टी लावली. मेलेले मामांनी वर्तमानपत्रात गुंडाळून नेले. साडेआठला मुलं आली आणि फळ्यावर लिहिलं गेलं: दिवस नववा, मासे १२, गोगलगायी १०.

एकदाच, असं त्या स्वतःला म्हणाल्या. असं म्हणणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं ते सांगायला नको. अकराव्या दिवशी पुन्हा तीन मासे गेले. तेराव्या दिवशी गोगलगायी. मग बाईंनी घरी न्हाणीघरातच एक बादली भरून ठेवली, म्हणजे रोज तळ्यावर पळायला नको. रोज सकाळी डब्याच्या पिशवीत झाकणाची बरणी, बरणीत हळूहळू फिरणारे दोनतीन मासे, बसमध्ये ती मांडीवर धरून बसायचं. नवीन सोडलेले मासे त्या घाण पाण्यात जुन्यांपेक्षा लवकर मरत. पट्टी सोलून सोलून बाईंच्या बोटांची टोकं हुळहुळी झाली होती.

"गोगलगायींची अंघोळ झाली असेल तर मी जाऊ का आत?" आई न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून विचारायची. बाई आणि त्यांची आई, दोघीच घरात. आईचे गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. बाई हसायच्या आणि बादली कोपऱ्यात सरकवायच्या. तो प्रयोग आहे, एवढंच त्यांनी आईला सांगितलं होतं.

एकतिसाव्या दिवशी मामा चंचुपात्रं धुता धुता पाठमोरेच म्हणाले, "बाई, पेटी उघडून टाका. जीव गुदमरतोय त्यांचा."

"नऊच दिवस राहिलेत, मामा."

"तुमचे नऊ दिवस. त्यांचे नाहीत."

बाईंचा स्वतःचाच जीव टांगणीला लागला होता. फळ्याकडे बघायची त्यांना भीती वाटायला लागली होती. बाराचे बारा, दहाच्या दहा. चौतीस मुलांच्या चौतीस वह्यांत तेच आकडे, आणि प्रत्येक पानाखाली त्यांची स्वतःची लाल सही.

त्या चौतिसांत एक मुलगी होती, तिला वर्ग 'नोंदवही' म्हणायचा. तिला लिहिल्याशिवाय चैनच पडत नसे. जिन्याला पायऱ्या किती, घंटा किती सेकंद वाजली, गणिताचे सर तासाला किती वेळा शिंकले, सगळं समासात टिपलेलं. तळ्यासाठी तर तिने घरून भिंग आणलं होतं. मधल्या सुट्टीत बाकीची पोरं मैदानात आणि ही काचेला नाक लावून. पहिले दोन आठवडे ती रोज काही ना काही विचारायची. मग विचारेनाशी झाली. बाईंना ते बरंच वाटलं. भिंगाची त्यांना धास्तीच होती.

एकोणचाळिसाव्या दिवशी शाळा सुटल्यावर नोंदवही प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, वही छातीशी धरलेली.

"बाई, मला काहीतरी सांगायचंय. पण तुम्ही मोठ्या बाईंना आत्ता नका सांगू. उद्या मीच सांगणार आहे."

"आधी बस तरी."

ती बसली नाही. "तुम्ही शिकवलं होतं ना, प्राण्यांवर खूण करायची, म्हणजे कोण कुठे जातो ते कळतं? तळं बांधलं त्या दिवशी गोगलगायी धुवायचं काम माझ्याकडे होतं. मी दहाही जणींच्या कवचावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. मावशीच्या पार्लरमधलं, चॉकलेटी. मोहरीएवढाच. भिंगाशिवाय दिसतच नाही. मला शेवटच्या दिवशी सगळ्यांना दाखवायचं होतं, कोणती गोगलगाय कुठे कुठे फिरली त्याचा नकाशा."

बाईंनी टेबलाची कड धरली.

"आठ दिवस दहा ठिपके होते. नंतर नऊ, मग सात. विसाव्या दिवशी चार. आज एकही नाही." तिचा आवाज फुटला. "पण गोगलगायी दहाच आहेत. म्हणजे ठिपकेवाल्या मेल्या आणि त्यांची पिल्लं मोठी झाली. मेलेल्यांना माशांनी खाल्लं असेल. बाई, माझ्या रंगाने मेल्या. दहाच्या दहा."

"अगं, ठिपका पुसला गेला असेल," बाई म्हणाल्या. खोटं बोलायची एव्हाना इतकी सवय झाली होती की ते आपोआप आलं.

"नाही पुसला जात. मी घरी बरणीत दोन ठेवल्या होत्या. एकीला ठिपका, एकीला नाही. ठिपकेवाली सहा दिवसांत मेली." तिने वही उघडून ते पान दाखवलं. तारखा, वेळ, पाण्याचा रंग, सगळं आखीव. खाली लिहिलं होतं, 'निष्कर्ष: मी मारलं.'

तीन आठवडे हे पोर हे पान दप्तरात घेऊन फिरत होतं. मधल्या सुट्टीचा डबा तसाच परत नेत होतं, असंही तिने त्याच दमात सांगून टाकलं. आणि बाई इकडे स्वतःला समजावत होत्या की यात कुणाचंच काही बिघडत नाही.

एक क्षण, अगदी एकच क्षण, बाईंना वाटलं, सांगू दे की हिला. लहान मुलीची चूक, कोण तिला फासावर देतंय? पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली की त्या उठून दार लावून आल्या.

"ऐक माझं," त्या म्हणाल्या. "तुझ्या रंगाने काही झालेलं नाही. मासे जास्त झाले, ऊन जास्त झालं, पाणी खराब झालं, म्हणून त्या मेल्या. आणि मी रोज सकाळी येऊन मेलेल्या काढत होते आणि तळ्यावरच्या नव्या आणून सोडत होते. म्हणून तुला ठिपके दिसत नाहीत. कळलं?"

नोंदवही त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती आणखीच रडायला लागली.

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"नाही गं, खरं सांगते."

"तुम्ही असं करणारच नाही, बाई. रोज आमच्या वह्यांवर तुम्ही सही करता." ती नाक पुसत म्हणाली. "खोटं असतं तर तुम्ही सही केली असती का?"

"घरी बादली आहे माझ्या. मासे आहेत तिच्यात. तुला दाखवते."

"मासे काय, कुणाकडेही असतात. माझ्याकडेपण बरणी आहे."

"मामांना विचार."

"मामा तुम्ही सांगाल तेच बोलतील. सगळ्यांना माहितीय, मामांना तुम्ही आवडता." तिने वही दप्तरात घातली. "मी रडले ना, की आमची आईपण असंच काहीतरी सांगते."

बाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. "बरं, विश्वास नको ठेवूस. पण उद्या साहेबांसमोर काही बोलू नकोस. माझ्यासाठी. परवा मी तुला सगळं पटवून देते."

आणि हे वाक्य तोंडातून गेल्याबरोबर त्यांना कळलं की आपण काय केलं. खरं बोलणारा माणूस परवाची मुदत मागत नाही. मुलीने ते बरोबर ओळखलं, फक्त त्याचा अर्थ बाईंच्या बाजूने लावला.

"बघा, तुम्ही मला वाचवायला बघताय," ती म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी बाई घरी पोचल्या तर दारातच पाय अडखळला. मधल्या खोलीत खोकी पसरली होती. मागच्या दोन घरांतून बांधून आणलेली, या घरात वर्षभर न उघडलेली. दर वर्षी शाळा बदलायची, शाळेबरोबर घर बदलायचं, मग उघडून करायचं काय, असा आईचा हिशेब. आज आई गुडघे पसरून जमिनीवर बसली होती आणि डबे पुसून फळीवर लावत होती.

"म्हटलं आता उघडावीच," आई म्हणाली. "खालच्या मजल्यावरची विचारत होती, पोरीचं काय झालं. मी सांगून टाकलं, उद्या कायम होतेय म्हणून. काय गं, तोंड का असं?"

"काही नाही. दमलेय."

"तो वरचा डबा दे. आणि पडद्याचं कापड सापडलं बघ, तीन वर्षं शोधत होते. उद्या शिवते. मला आता पुन्हा कुठे जायचं नाही बाई. हे गुडघे आता जिने चढायचे नाहीत."

बाईंनी डबा दिला. सांगावंसं वाटलं. पण आईचा चेहरा इतका मोकळा त्यांनी फार दिवसांत पाहिला नव्हता. त्या बादलीशी जाऊन बसल्या. आत सहा मासे उरले होते. आपल्याला या माशांचीसुद्धा आता कीव येत नाही, नुसता हिशेब येतो, हे जाणवून त्यांना रडू फुटलं आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी नळ सोडला.

चाळिसाव्या दिवशी सकाळी त्या नेहमीच्या वेळेला आल्या. चार मासे आणि दोन गोगलगायी मेल्या होत्या. बरणी पिशवीत होती. मामा चाळणी घेऊन उभे होते. बाईंनी पेटीकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली, आणि कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. शेवटी मामांनी चाळणी परत खिळ्याला अडकवली. बाई त्यांना नको म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. मग बाईंनी झाकण उघडून तरंगणारे मासे वेलींच्या मागे तेवढे सरकवले आणि पट्टी परत लावली. निर्णय म्हणावा असं यात काहीच नव्हतं.

अकराला साहेब आले. चष्मेवाले, मृदू आवाजाचे, पोरांशी हसून बोलणारे. मोठ्या बाई नवीन साडीत त्यांच्या मागे. साहेबांनी लांबूनच पेटी पाहून मान डोलावली, फळ्यावरचे आकडे वाचले, दोनचार प्रश्न विचारले, पोरांनी घडाघडा उत्तरं दिली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. संपत आलं, असं त्यांना वाटलं, आणि नेमकी तेव्हाच नोंदवही उठली.

"साहेब, मला एक चूक सांगायचीय."

मोठ्या बाईंनी डोळे वटारले, पण साहेब म्हणाले, "बोल की, बाळा."

तिने सगळं सांगितलं. ठिपके, नेलपॉलिश, बरणी, निष्कर्ष. मागच्या बाकावरून कुणीतरी हलकेच "खुनी" म्हणालं आणि दोघंतिघं फिदीफिदी हसले. साहेबांनी त्यांना गप्प केलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "अशी चूक कबूल करायला मोठं धैर्य लागतं. बाई, हे तुमच्या शिकवण्याचं यश आहे. मी हे शेऱ्यात लिहिणार आहे."

मोठ्या बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी बाईंकडे पाहून मान हलवली, झालं तुमचं काम. बाईंना फक्त गप्प राहायचं होतं. एवढंच, आणि गप्प राहायचा त्यांचा हात आता चांगला बसला होता.

"तू यातून काय शिकलीस?" साहेबांनी विचारलं.

"मी आता कुठल्याच जिवंत गोष्टीला हात लावणार नाही," नोंदवही म्हणाली. "मला डॉक्टर व्हायचं होतं. पण मी मारून टाकते."

वर्गात कुणी हसलं नाही.

"ती खोटं सांगतेय," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "म्हणजे तिला खरं वाटतंय. पण तिने काही केलेलं नाही. पेटी नवव्या दिवशीच मेली. मी रोज सकाळी झाकण उघडून मेलेले काढत होते आणि नवे टाकत होते. फळ्यावरचे आकडे माझे आहेत, तळ्याचे नाहीत."

"बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या.

नोंदवहीने मान हलवली. "साहेब, बाई मला वाचवायला असं बोलतात. कालपण बोलल्या."

तेव्हा बाई पेटीपाशी गेल्या. सगळ्यांसमोर त्यांनी पट्टीचं टोक नखाने उचललं, एका ओढीत सोललं आणि झाकण बाजूला केलं. वास खोलीभर पसरला. पुढच्या बाकावरच्या मुलांनी नाकं दाबली. वेलींमागे हात घालून त्यांनी एक एक मासा काढला आणि फळ्याखालच्या टेबलावर ठेवला. चार. मग दोन गोगलगायी. मग खालची पिशवी उघडून जिवंत माशांची बरणी त्यांच्या शेजारी ठेवली.

"हे आज बदलायचे होते," त्या म्हणाल्या.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. मामा तिथे उभे होते.

"हो, साहेब," मामा न विचारताच म्हणाले. "किल्ली माझ्याकडे असते. रोज मीच उघडून दिलंय."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मोठ्या बाईंच्या मानेवर लाल चट्टे उमटले होते. "माझ्या खोलीत या," एवढं म्हणून त्या साहेबांना घेऊन निघाल्या. मामांना त्यांनी हातानेच बरोबर बोलावलं.

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या नोंदवहीकडे बघत होत्या. ती टेबलावरच्या माशांकडे बघत होती, मग बरणीकडे, मग बाईंच्या ओल्या हातांकडे. तिच्या चेहऱ्यावरून रडू हळूहळू उतरलं. आता तिचा विश्वास बसला होता. हे व्हावं म्हणूनच बाईंनी सगळं केलं होतं, आणि तरी तो चेहरा त्यांना बघवेना.

"मासेपण?" तिने विचारलं.

"मासेपण."

"कधीपासून?"

"नवव्या दिवसापासून."

तिने वही उघडली, आठ पानं उलटली, आणि पट्टी धरून नवव्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. मग दहाव्यावर. मग अकराव्यावर. बाईंच्या लाल सह्या एकेक करून रेघेखाली जात होत्या. बाकीच्या मुलांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग त्यांनीही वह्या काढल्या. एकतीस पानं होती. बाई शेवटच्या पानापर्यंत उभ्या राहिल्या.

चाळिसावं पान कोरं होतं. नोंदवहीने त्यावर तारीख घातली, भिंग घेतलं आणि बाईंना वळसा घालून ती पेटीपाशी मोजायला गेली.